संदेश घागची पाण्याची पारख

संदेश घाग कोलशेतच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर आहे. व्हॉल्व्ह असोत, बेअरिंग असोत की कँटीनच्या वाट्या, त्याच्या सहीशिवाय गेटच्या आत काही येत नाही. समोर बसलेला सप्लायर रुमालाने कपाळ पुसायला लागला की त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. खरेदीत आपल्याला कोणी गंडवू शकत नाही, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं आणि ते तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. हल्ली दाखवत नाही. हल्ली तो पाण्याच्या फिल्टरची हकीकत सांगतो आणि ऐकणारा हसायच्या आधी स्वतःच हसून घेतो.

झालं असं, की ठाण्यातली वर्तकनगरची जागा विकून घाग मंडळी ठाकुर्लीला नव्या इमारतीत राहायला गेली. निर्णय संदेशचा. त्याची बायको ऐश्वर्या डोंबिवलीतच एका बँकेत होती, तिला ते सोयीचं होतं. संदेशची आई हौसाबाई मात्र लग्न होऊन रत्नागिरीकडून आल्या त्या वर्तकनगरलाच आणि सगळा संसार त्यांनी तिथेच केला. जागा बदलायचं निघालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." आईचं 'तुम्ही म्हणाल तसं' संदेश लहानपणापासून ओळखून होता. त्याचा अर्थ 'बघूया' असा असतो.

नव्या घरात पहिल्या सकाळी हौसाबाईंनी चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहा बिघडला का, आई?" ऐश्वर्याने विचारलं.

"चहा चांगला आहे गं. पाण्याला वास येतोय. दवाखान्यात येतो ना, तसला."

ऐश्वर्याने ग्लासात नळाचं पाणी घेऊन हुंगलं. "येतोय खरा. क्लोरीन जास्त असेल."

संदेशला कसलाच वास आला नाही. त्याला नुसतं ऐकू आलं, आणि तेही आई जे बोलली ते नाही. 'घर बघितलंस, लिफ्ट बघितलीस, पार्किंग बघितलंस. पाणी बघितलंस का?' असं त्याला ऐकू आलं. माऊली तसं काही म्हणाली नव्हती. पण परचेस ऑफिसरने माल न तपासता घेतला, हा आरोप त्याने स्वतःच स्वतःवर केला, मान्य केला आणि दिवसभर कारखान्यात तोंड पाडून बसला.

त्यानंतरच्या रविवारी हौसाबाई वर्तकनगरला जुन्या शेजारणीकडे, गंगुबाईंकडे गेल्या आणि संध्याकाळी परतल्या त्या हातात पाण्याचा कॅन घेऊन. चांगला भरलेला, झाकणाला प्लास्टिकची पिशवी बांधलेला. रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा, असा तो कॅन ठाण्याहून ठाकुर्लीपर्यंत आला होता.

"आई! अगं, हे काय?"

"गंगूने दिलं. चहापुरतं होईल आठवडाभर."

"अगं, पण पाणी काय कोणी असं गावाहून आणतं का?"

"गाव कुठे रे, वर्तकनगरच तर आहे," असं म्हणून त्यांनी कॅन ओट्याखाली ठेवला.

लिफ्टमध्ये कोणी विचारलं असेल का, 'आजी, काय आणलंत?' आणि आईने काय सांगितलं असेल? या विचाराने संदेशला जेवण गेलं नाही. जेवण झाल्यावर त्याने जाहीर केलं, "उद्यापासून मी फिल्टरचा अभ्यास करणार."

ऐश्वर्या सासूबाईंसमोर त्याला अहो म्हणायची आणि एरवी अरे. आई आतल्या खोलीत गेल्याचं बघून ती म्हणाली, "अभ्यास कसला करतोस? फक्त वास घालवायचाय. तळमजल्यावरच्या केशरबाईंनी नळाला छोटासा फिल्टर लावलाय बघ, कोळशाचा. स्वस्तातला आहे. तसाच आणून टाक."

"ते खेळणं आहे," संदेश म्हणाला.

"तू बघितलंयस का ते?"

"न बघताच सांगतो."

इथून पुढचा भाग सांगताना संदेश स्वतःच कानाला हात लावतो. त्याने काय करायचं बाकी ठेवलं? व्हिडिओ बघितले. जेवताना, दाढी करताना, ऑफिसात टेबलाखाली फोन धरून. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं एक पेनासारखं मीटर मागवलं. ते आल्यावर पहिल्या दिवशी नळाचं पाणी मोजलं. आकडा शंभराच्याही खाली. म्हणजे पाणी मुळातच हलकं, गोडं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातलं पाणी मोजलं, तिसऱ्या दिवशी शहाळ्याचं. आईचा कॅनही उघडून मोजला. त्याचा आकडा घरच्या नळाच्या आसपासच निघाला. हे तो विजयी मुद्रेने आईला सांगायला गेला.

"आई, दोन्ही पाणी सारखंच आहे. हे बघ, आकडा."

हौसाबाईंनी चष्मा लावून आकडा बघितला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चहासाठी कॅनमधलंच पाणी घेतलं.

एवढ्या अभ्यासातून संदेशच्या पदरात एक गोष्ट पक्की पडली होती, आणि ती बरोबरही होती. पाणी खारट किंवा जड असेल तर ते गाळायला आरओचं मोठं मशीन लागतं. नळाचं पाणी गोडं असेल तर आरओची काही गरज नसते. नुसता वास घालवायचा असेल तर कोळशाचा साधा फिल्टर पुरतो. हे तो ऑफिसात सगळ्यांना सांगायचा. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा. "आरओ म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही गटारात," हे त्याचं आवडतं वाक्य झालं होतं. इमारतीत त्याचं नाव झालं. सोसायटीचे चेअरमन सहदेव भोईर, ज्यांच्या भातशेतीवर ती इमारत उभी राहिली ते, एकदा गेटपाशी त्याला थांबवून म्हणाले, "घागसाहेब, पान्यातला तुमाला लई कलतं म्हनतात."

"थोडंफार," संदेश म्हणाला. आत कुठेतरी त्याने नमस्कारही स्वीकारून घेतला.

अशा माणसाच्या दारात एका शनिवारी देवेश नावाचा मुलगा बॅग घेऊन उभा राहिला. फिल्टर विकायला आलेला. स्वच्छ शर्ट, मऊ आवाज. ऐश्वर्या बँकेत होती, हौसाबाई देवळात गेल्या होत्या.

"सर, एक छोटासा डेमो दाखवू? पाच मिनिटं."

संदेशने त्याला आत घेतलं ते शिकार घरात आल्याच्या आनंदाने. देवेशने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात बाटलीतलं. बॅगेतून वायर लावलेल्या दोन कांड्या काढल्या. त्या नळाच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी होतं आणि गिऱ्हाईक घाबरतं.

देवेशने कांड्या बुडवायच्या आत संदेश म्हणाला, "थांब. ती कांडी लोखंडाची आहे. वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि पाणी गढूळ दिसतं. पाण्यात घाण आहे म्हणून नाही. बाटलीतल्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून तिथे काही होत नाही. बरोबर?"

देवेशने हातातली कांडी खाली ठेवली. मग त्याने वायर गुंडाळली, कांड्या बॅगेत ठेवल्या आणि चेन लावली.

"सर, सॉरी. एवढं फिरतो, पण आजपर्यंत असं कोणी बोललं नव्हतं. तुम्ही केमिकल इंजिनियर आहात का?"

"परचेसमध्ये आहे," संदेश म्हणाला आणि सोफ्यावर जरा मागे रेलला.

"तरीच. सर, तुम्हाला मी काय विकणार? तुम्हीच मला शिकवाल." देवेश उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "एक विचारू? आमच्याकडे एक मॉडेल आहे, ते मी कोणाला दाखवत नाही. लोकांना त्यातलं कळतच नाही, उगाच किंमत विचारतात. तुमच्यासारख्यांचं मत ऐकायला आवडेल. विकायला नाही हां. फक्त मत."

आता सांगताना संदेश इथे थांबतो आणि ऐकणाऱ्याकडे बघतो. बहुतेकांना इथेच कळतं. त्याला तेव्हा नाही कळलं.

देवेशने मॉडेलचं चित्र दाखवलं. संदेशने मत दिलं. देवेशने मान डोलावली. संदेशने दोन-तीन अवघड प्रश्न विचारले. देवेश म्हणाला, "सर, ह्याचं उत्तर आमच्या मॅनेजरलाही येणार नाही." मग पाण्याचा आकडा किती हवा तेवढा ठेवता येतो, असं एक बटण त्याने दाखवलं. ते बटण बघून संदेशचा जीव त्याच्यावर बसला. देवेश निघाला तेव्हा दोघं जुन्या मित्रांसारखे लिफ्टपाशी गप्पा मारत उभे होते, आणि संदेशने मोठ्या आरओ मशीनचे पैसे भरून टाकलेले होते.

किंमत कमी कर, असं आपण एकदाही म्हणालो नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं. डोक्यावर ओतायचा तांब्या तसाच हातात राहिला.

मशीन आलं, भिंतीवर बसलं. काळंभोर, निळा दिवा लागणारं, ओट्यावरची अर्धी भिंत अडवणारं. ऐश्वर्या संध्याकाळी आली, पर्स न ठेवता मशीनकडे बघत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. सासूबाई समोर नव्हत्या, तरी अहो म्हणाली, तेव्हाच संदेशला पुढचं कळलं. "आरओ म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही गटारात, ना?"

"ते सामान्य लोकांसाठी," संदेश म्हणाला. "ह्याच्यात आकडा आपल्या हातात असतो."

"आणि आपला आकडा मुळात किती होता?"

संदेशने त्यावर मशीनचं बटण दाबून दाखवलं.

त्या मशीनला दोन नळ्या. एकीतून चांगलं पाणी यायचं आणि दुसरीतून टाकाऊ पाणी, तेही चांगल्यापेक्षा कितीतरी जास्त. हौसाबाईंना पाणी वाहताना बघवेना. त्यांनी त्या नळीखाली बादली लावली. बादली भरली की टब, टब भरला की कपडे भिजवायचं घमेलं. मग त्या पाण्याने फरशी पुसली जायची, नवे पडदे धुतले जायचे, वाळतात न वाळतात तोच पुन्हा धुतले जायचे. संडासात बादली, गॅलरीत बादली. तुळशीला एवढं पाणी झालं की ती पिवळी पडली. घरात चालायचं तर बादल्यांमधून वाट काढत चालायला लागायचं. एकदा ऑफिसला निघताना संदेशचा पाय टबात गेला. ओला मोजा घालूनच तो कोलशेतला गेला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, की पाइप फुटला.

आणि पाणी? पाण्याचा वास गेला, यात वाद नाही. चवही गेली. हौसाबाई पहिला ग्लास प्यायल्या आणि विचारात पडल्या.

"कसं आहे?"

"वास नाही येत."

"मग?"

"काहीच नाही येत रे," त्या म्हणाल्या. त्या रविवारी त्या पुन्हा वर्तकनगरला गेल्या, कॅन घेऊन.

दुसरा एखादा असता तर इथे चूक कबूल करून मोकळा झाला असता. संदेशने उलट केलं. लिफ्टमध्ये तो आता आरओची तारीफ करायला लागला. लोक आधीच त्याचं ऐकत होते, आताही ऐकायला लागले. शेवटी सहदेवदादांनी निरोप धाडला. सोसायटीतल्या बऱ्याच घरांना तेच मशीन घ्यायचंय, देवेश सगळ्यांना मिळून सूट देतोय, तर रविवारी सकाळी घागसाहेबांनी ऑफिसात येऊन चार शब्द सांगावेत.

संदेशने त्या चार शब्दांची तयारी आरशासमोर केली. ऐश्वर्या शांतपणे बघत होती.

"भाषण कशाला?" ती म्हणाली. "चार ग्लास ठेवूया. कुठल्यात कुठलं पाणी ते मला एकटीला माहीत. लोकांनी चाखून सांगावं कुठलं गोड लागतं ते. तुझं मशीन एवढं चांगलं असेल तर तेच जिंकेल, नाही का?"

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. शिवाय आपली जीभ तयार आहे, अशी संदेशची खात्री होती. एवढे व्हिडिओ बघितले होते.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे पार्किंगमधली काचेची खोली. रविवारी तिथे वीस-पंचवीस जण जमले. देवेशही आला, एका कोपऱ्यात हसतमुख उभा. टेबलावर स्टीलचे चार जग आणि कागदी पेले. ऐश्वर्याने जगांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. चार जगांत कुठकुठलं पाणी आहे, ते तिने आधीच सांगून टाकलं. एक नुकतंच भरलेलं नळाचं. एक घागांच्या आरओचं. एक केशरबाईंच्या छोट्या फिल्टरचं. आणि एक आईंच्या कॅनमधलं, वर्तकनगरचं. फक्त कुठल्या जगात कुठलं, ते सांगितलं नाही.

"पयला मान घागसाहेबांचा," सहदेवदादा म्हणाले.

संदेश पुढे झाला. आपण काय केलं ते आठवलं की आजही त्याला मान खाली घालावीशी वाटते. त्याने पहिला पेला उजेडात धरला. पाणी उजेडात धरून काय दिसणार? पण त्याने धरला. मग घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले.

"हे," तो म्हणाला, "हे नळाचं. लगेच कळतं. फिकं, मेलेलं पाणी. पाइपातून आलेलं. जिभेला काही लागतच नाही."

दुसरा. "हं. बरं आहे. साधारण." तिसरा. "हेही साधारण. ह्यात आणि दुसऱ्यात विशेष फरक नाही."

चौथा पेला त्याने नाकापाशी नेला, आणि या वेळी त्याला वास आला. हलकासा, स्वच्छ, ओळखीचा. त्याचा चेहरा उजळला.

"हे बघा," त्याने पेला उंच धरला. "हा वास घ्या जरा. ह्याला म्हणतात शुद्धता. एकदम दवाखान्यासारखं स्वच्छ! आमच्या मशीनचं पाणी हेच. मी झोपेतही ओळखेन."

'दवाखान्यासारखं' हा शब्द आपल्या तोंडून बाहेर पडल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं झालं. कोणीतरी हा शब्द आधी वापरलाय, एवढं डोक्यात आलं. तेवढ्यात ऐश्वर्याने चौथा जग उलटा केला आणि चिठ्ठी सगळ्यांना दाखवली.

नळाचं.

मग पहिला जग उलटा केला. आरओ.

खोलीत आधी कोणी हसलंच नाही. सगळे संदेशच्या तोंडाकडे बघत होते. देवेशने मोबाइलमध्ये डोकं घातलं. आणि मग पुढच्या खुर्चीवरून एक आवाज आला, दाबून दाबून फुटलेला. हौसाबाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. वर्तकनगर सोडल्यापासून आई अशी हसलेली संदेशने बघितलीच नव्हती. तिच्याकडे बघून त्यालाही फुटलं. तो टेबलाला धरून हसायला लागला, मग सहदेवदादा, मग सगळं ऑफिस.

"मेलेलं पानी!" सहदेवदादा मांडीवर थाप मारत होते. "सोताच्या मशीनला मेलेला बोलला ना रं!"

हसणं ओसरल्यावर ऐश्वर्या म्हणाली, "आई, तुम्ही नाही चाखलंत अजून."

हौसाबाई उठल्या. त्यांनी डोळे वगैरे मिटले नाहीत. पहिलं चाखून ठेवून दिलं. चौथं हुंगूनच बाजूला सारलं. दुसरं प्यायल्या, तिसरं प्यायल्या, पुन्हा दुसरं. मग दुसऱ्या जगावर हात ठेवून म्हणाल्या, "हे आपलं. वर्तकनगरचं. सांगायला कशाला हवंय?"

ऐश्वर्याने जग उलटा केला आणि क्षणभर चिठ्ठी कोणाला दाखवलीच नाही. मग दाखवली. दुसरं पाणी केशरबाईंच्या फिल्टरचं होतं, म्हणजे इथल्याच नळाचं, ठाकुर्लीचं, नुसता वास काढलेलं. वर्तकनगरचं तिसऱ्यात होतं.

आता हसायची पाळी हौसाबाईंची नव्हती. त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. संदेशला वाटलं, आईला लागलं. तो जवळ गेला.

"आई, मला तरी कुठे ओळखता आलं?"

"तसं नव्हे रे," त्या हळूच म्हणाल्या. "गंगूला आता काय सांगू? दर आठवड्याला कॅन धुऊन, उन्हात वाळवून ठेवते ती."

"सांगू नकोस काही. भेटायला जात जा. कॅन मात्र नको, तुझा खांदा दुखतो."

"दुखतो रे," हौसाबाई म्हणाल्या. एवढे आठवडे त्या हे बोलल्या नव्हत्या. "ठाणे स्टेशनच्या जिन्यावर फार जीव जातो."

ते ऐकून मात्र संदेशचं हसू पार आटलं. पाण्याचा आकडा मोजत बसलेल्या शहाण्याला, आई तो कॅन जिन्यावरून कशी आणते, हे एकदाही विचारायचं सुचलं नव्हतं. स्टेशनवर घ्यायला जाणं तर दूरच. स्वतः वर्तकनगरला जाऊन तो कॅन आणणं हा मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय होता.

त्याच दुपारी तो केशरबाईंकडे गेला. त्यांचा फिल्टर बघितला, या वेळी खरोखर बघितला. मुठीएवढा डबा, आत कोळसा, नळाच्या तोंडाला पिळून बसवायचा. काही महिन्यांनी आतला कोळसा बदलायचा. बटण नाही, निळा दिवा नाही. अख्ख्या कहाणीत त्याने विचारलेला पहिला शहाणपणाचा प्रश्न असा होता, "केशरबाई, कुठल्या दुकानात मिळतो हो?" डोंबिवलीला पूर्वेच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने किंमत सांगितली, ती एवढी कमी होती की संदेशने सवयीने "कमी करा" म्हणायला तोंड उघडलं आणि ऐश्वर्याने त्याच्या पायावर पाय दिला.

फिल्टर त्याने स्वतः बसवला. पहिल्यांदा आटे चुकले आणि पाण्याचा फवारा थेट त्याच्या चष्म्यावर आला. दुसऱ्यांदा बसला. वास गेला, चव राहिली, बादल्या माळ्यावर गेल्या. हौसाबाई रविवारी गंगुबाईंकडे जातच राहिल्या, पण येताना हातात फक्त पर्स असायची. आणि संदेश ठाकुर्ली स्टेशनच्या जिन्याखाली उभा असायचा. घ्यायला काही नसलं तरी.

सोसायटीची ऑर्डर त्या चार जगांतच बुडाली होती. राहिलं ते घागांचं मशीन. देवेशने परत घ्यायला नकार दिला, म्हणजे अगदी प्रेमाने दिला. "सर, तुमच्यासारख्या जाणकाराने वापरलेलं मशीन मी कोणाला विकू?" संदेशला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस आपल्या कामात वस्ताद होता. परचेसमधल्या माणसाला हे मान्य करावंच लागतं.

मार्ग काढला तो सहदेवदादांनी. त्यांची बहीण सगुणा कोलशेतला खाडीच्या अंगाला राहायची. तिच्याकडे नळाला नीट पाणी यायचंच नाही, सगळं बोअरवर. "आन बोअरचं पानी कसलं? मीठ हाय मीठ!" दादा म्हणाले. "तूरडाल शिजत नाय तिची. आवो, तुमचं मेलेलं पानी तिला दिलं तर?"

मीटर काढून सगुणाताईंच्या बोअरचं पाणी मोजायला संदेश गेला नाही. त्याने ग्लासभर मागितलं आणि तोंडात घेतलं. तोंड वाकडं झालं. मशीन नेमकं अशाच पाण्यासाठी बनलेलं असतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, नि तरी ते त्याच्या भिंतीवर लटकत होतं. मशीनचं काय द्यायचं ते दादांनी एका वाक्यात ठरवलं. त्याच्यावर घासाघीस करायला संदेशला तोंडच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दादांच्या गाडीतून मशीन कोलशेतला गेलं. बसवायला देवेश आला, आपणहून. सगुणाताईंच्या स्वयंपाकघरात निळा दिवा लागला. जाणारं पाणी अंगणातल्या हौदात सोडलं, भांडी घासायला. पहिला ग्लास सगुणाताईंनी देवापुढे ठेवला, दुसरा स्वतः प्यायल्या आणि लगेच तिसरा भरला.

"कसं लागतं, सगुणे?" दादांनी विचारलं.

"पान्यासारखा लागतं," त्या म्हणाल्या. मग संदेशकडे वळल्या. "तुमी प्या ना. दादा सांगत होता, तुमाला पान्यातला लई कलतं."

सहदेवदादांनी छताकडे बघितलं. देवेश एकदम स्क्रू आवळायला वाकला.

"ताई, मला काही कळत नाही," संदेश म्हणाला. "तुम्हाला चांगलं लागतं ना? मग झालं."

त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी होती, बांगड्याचं कालवण होतं आणि ते तिखटजाळ होतं. नाकातोंडातून धूर निघत असताना संदेशने पुन्हा पुन्हा पाणी मागून घेतलं, आणि ते मशीनचं होतं की बोअरचं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.